मान वळवायला पाच चित्रं

अॅनिमेशन स्टुडिओतल्या पहिल्या दिवशी सरांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर मुलीचा चेहरा डावीकडे बघणारा, दुसऱ्यावर उजवीकडे. मधली पाच चित्रं मी काढायची होती. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या काचेवर, दोन्ही कागद पेग बारला, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीला, अडकवले आणि प्रत्येक रेषेच्या अगदी मधोमध रेघ ओढत गेले. नाकाच्या मधे नाक, हनुवटीच्या मधे हनुवटी. दुपारपर्यंत पाचही तयार. सरांनी गठ्ठा बोटांत धरून भरभर फडफडवला आणि म्हणाले, "मान वळलीच नाही गं. चेहरा नुसता सरकला."

मग त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. मान वळवताना हनुवटी थोडी खाली जाते आणि पलीकडे पुन्हा वर येते, कमानीसारखी. डोळे आधी निघतात, नाक मागून येतं, केस सगळ्यांत शेवटी पोचतात. बरेचदा मधेच एकदा पापणी मिटते. शिवाय सरांनी दिलेल्या टोकाच्या चित्राच्या, म्हणजे 'की ड्रॉइंग'च्या, कडेला शिडीसारखी एक छोटी आकृती होती, ती मी पाहिलीच नव्हती. तो टायमिंग चार्ट. त्यावरच्या खुणा जवळजवळ असतील तर हालचाल हळू, लांब लांब असतील तर झपकन. त्या पाच चित्रांसाठी मला चार दिवस लागले.

हे 1996 सालचं. मी सांगलीची, एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये ए ग्रेड, पुढे जी. डी. आर्ट. आपल्याला चित्र काढता येतं याची खात्री होती. स्टुडिओ दादरला, जुन्या इमारतीत दोन खोल्या, आम्ही नऊ माणसं. पगार 2500 रुपये. आज नवी मुलं मला विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर शिकू, कुठल्या मोठ्या कंपनीत लागू. मी प्रत्येकाला सांगते: पहिली दोन वर्षं छोट्या स्टुडिओत काढा. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमचे सर अॅनिमेटर राम मोहन यांच्याकडे घडलेले. 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म युनिट सुरू झालं. तिथे शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. त्यांनी 'बॅम्बी'वर काम केलेलं होतं. राम मोहन त्यांच्या हाताखाली शिकले, 1968 मध्ये सरकारी नोकरी सोडून प्रसाद प्रॉडक्शन्सच्या अॅनिमेशन विभागात गेले आणि 1972 मध्ये त्यांनी स्वतःचं राम मोहन बायोग्राफिक्स काढलं. त्या काळी या देशात खासगी अॅनिमेशन स्टुडिओ चालवणं म्हणजे जाहिराती, माहितीपट, चित्रपटांतले छोटे तुकडे, जे मिळेल ते करत माणसं टिकवणं. पण त्या तुकड्यांतही केवढं काम आहे! सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'च्या सुरुवातीला गव्हर्नर जनरल डलहौसी एकेक संस्थान चेरीसारखं तोंडात टाकतो, ते अॅनिमेशन त्यांचं. नागपूर आणि सातारा गिळले जाताना मराठी माणसाला ते जरा जास्तच लागतं. इतिहासाचं अख्खं प्रकरण काही सेकंदांत. नव्या मुलांना मी तो प्रसंग आवाज बंद करून बघायला लावते.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते मात्र मीनाने. युनिसेफसाठी 1990 च्या दशकात आलेली ती कार्टूनमधली मुलगी, भाऊ राजू आणि मिठू पोपट यांच्यासह. तिचं रूप राम मोहन यांनी घडवलं. अडचण अशी होती की हीच मुलगी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा सगळ्या देशांतल्या मुलींना आपली वाटायला हवी होती. साडी नेसवली तर ती एकीकडची, सलवार-कमीज घातला तर दुसरीकडची. म्हणून लांब घागरा आणि ओढणीसारखं वस्त्र. नावही असं की हिंदू घरात चालेल आणि मुसलमान घरातही. चित्रं काढून थेट लोकांना दाखवली, विचारलं, बदलली. आमचे सर हे सांगताना ओढणीची एकच घडी फळ्यावर पुन्हा पुन्हा काढायचे. कॅरेक्टर डिझाइन म्हणजे गोंडस डोळे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मीनाच्या कपड्यांवर एक दिवस घालवावा.

याच सुमारास जपानच्या युगो साको यांच्याबरोबर 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' पूर्ण झाला. राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक. जवळजवळ एक लाख हाताने काढलेली चित्रं! तो भारतात चित्रपटगृहांतून सर्वदूर लागला थेट जानेवारी 2025 मध्ये. थिएटरात शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा हनुमान उडाला तेव्हा उभा राहिला, आणि मला आमच्या दोन खोल्या आठवल्या.

आता छोट्या स्टुडिओचं. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तीस सेकंदांच्या जाहिरातीत एकच पात्र सतत हलत असेल तरी 360 चित्रं झाली. नऊ माणसांत हे करायचं म्हटल्यावर कोणालाही एकाच कामाला जुंपता येत नाही. मी सकाळी इनबिटवीन (मधली चित्रं), दुपारी क्लीन-अप (कच्च्या रेषा स्वच्छ करणं), संध्याकाळी सेल, म्हणजे चित्र उतरवलेला पारदर्शक कागद, उलटा करून मागून रंग भरायचा, असं सगळं केलं. पावसाळ्यात रंग वाळत नसे. कागद दमट होऊन पेगची भोकं सैल पडत आणि चित्र पडद्यावर थरथरत असे. तेव्हा क्लीन-अपच्या ताईंनी मला भोकांभोवती चिकटपट्टी लावून ती पुन्हा पाडायला शिकवलं. रेघ जाड-बारीक का होते, हे त्यांच्या मनगटाकडे बघून कळलं, पुस्तकातून कळलं नसतं. मोठ्या कंपनीत गेलेल्या माझ्या वर्गमित्राने तीन वर्षं फक्त पार्श्वभूमीतल्या गर्दीतले चेहरे रंगवले. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

तोटेही सांगते. पैसा वेळेवर येईलच असं नाही. पुढे मी स्वतंत्र काम घेऊ लागले तेव्हा एका जाहिरात कंपनीने तीस सेकंदांच्या फिल्मचे पैसे आठ महिने अडकवले, आणि मी तोंडी बोलण्यावर काम सुरू केलं असल्यामुळे दाखवायला हातात कागद नव्हता. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी, दुरुस्त्या किती वेळा ते लेखी, आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार तेही लेखी. नवीन असाल तरी हे मागा.

पोर्टफोलिओत पाच मिनिटांची फिल्म नको. दहा सेकंदांची एक धड हालचाल पुरे: म्हातारी जिना चढते आहे, पोरगा ओली छत्री झटकतो आहे. सोबत रोजच्या वह्या ठेवा. लोकलमध्ये उभ्याउभ्या काढलेली, अर्धवट राहिलेली रेखाटनं मी आधी बघते. कोण माणसं बघतो हे त्यांतच दिसतं. अॅनिमेटर गीतांजली राव जे. जे.तून निघून राम मोहन यांच्याच स्टुडिओत शिकल्या. पुढे 'प्रिंटेड रेनबो' त्यांनी एकटीने चित्र चित्र करून उभी केली आणि 2006 मध्ये ती फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात गाजली. त्या फिल्ममधल्या म्हातारीचं खुर्चीत बसणं बघा, नुसतं बसणं.

आता आमच्याकडे सगळं टॅब्लेटवर चालतं. पेग बार माझ्या टेबलाच्या खणात आहे. चाचणी द्यायला येणाऱ्यांना मी अजून तेच दोन चेहरे देते, डावीकडचा आणि उजवीकडचा, आणि चार्ट कडेला. गेल्या महिन्यात नाशिकची एक मुलगी आली. तिने पेन उचलण्याआधी उठून खोलीत आरसा कुठे आहे ते विचारलं. ती सोमवारपासून कामावर आहे.