कास-बामणोलीच्या डोंगरात योग शिबिर घ्यायचं तर

जागा बघायला जाल तेव्हा समोरचा देखावा नंतर बघा, आधी मागच्या विहिरीत डोकवा. योगशिक्षक ऐनवेळी आजारी पडला तर साताऱ्यातून दुसरा येऊ शकतो. टाकीतलं पाणी संपलं तर शिबिर तिथेच थांबतं. 20 शिबिरार्थी आणि 4 कामकरी धरले, तर पिणं, स्वयंपाक, अंघोळ आणि संडास मिळून माणशी 60 लिटर, म्हणजे दिवसाला साधारण 1,450 लिटर पाणी लागतं. 2,000 लिटरची टाकी रोज संध्याकाळी काठोकाठ भरून घ्या. संडास सहा-सात जणांमागे एक हवा, कारण पहाटे साडेपाच ते सव्वासहा या पाऊण तासात सगळ्यांनाच जायचं असतं.

हंगाम ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात अंथरूण वाळत नाही आणि पायवाटांवर जळवा असतात. मे महिन्यात शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी खाली जातं आणि काठाचा चिखल उघडा पडतो.

कासच्या सड्यावर मॅट अंथरायचा विचार मनातून काढून टाका. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम असतो, त्यातच पुढच्या वर्षीच्या फुलांचं बी आणि कंद असतात. 2012 साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यांत हे पठार आहे. तिथे ठरलेल्या वाटेवरून चालावं आणि परत यावं. कोयना अभयारण्याच्या हद्दीतही मुक्काम धरू नका. गावातली खासगी जागा घ्या, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

रस्ता दारापर्यंत येणारी जागाच निवडा. बोटीने पोचायची जागा कितीही सुंदर असली तरी अंधार पडल्यावर बोट मिळत नाही. एक गाडी चालकासह रात्रभर मुक्कामाला ठेवा. वडाप जीप (प्रवासी भरून धावणारी) मध्यरात्री सापडत नाही. कोणत्या कंपनीच्या सिमला कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते आधी तपासा, तिथे खूण करा. 108 ला फोन तिथूनच लागणार आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे याचीही आधीच चौकशी करून ठेवा.

आता बैठकीची जागा. माणशी 7 फूट लांब, 4 फूट रुंद जागा धरा. वीस जणांना 560 चौरस फूट, शिक्षकासाठी आणि ये-जा करायला आणखी दीडशे. वर छप्पर हवंच. हिवाळ्यात उघड्यावर रात्रभर दंव पडतं, मॅट निसरडी होते आणि वीरभद्रासनात मागचा पाय सटकतो. जमीन शेणाने सारवायची असेल तर दोन दिवस आधी सारवा; ओल्या सारवणावर सतरंजी टाकली की कुबट वास येतो आणि प्राणायाम नकोसा होतो. उतार आहे का ते एक चेंडू ठेवून बघा. थोडा असेल तर शवासनात सगळ्यांची डोकी चढाकडे येतील अशा रांगा लावा.

डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणून साडेसहाला सांध्यांच्या सूक्ष्म व्यायामाने सुरुवात करा, 15 मिनिटं. थंडीत आखडलेल्या अंगाने थेट पश्चिमोत्तानासनात गेलं की मांडीमागची शीर धरते. सूर्यनमस्कार उजाडल्यावर घ्या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार याच सातारा जिल्ह्यातून केला. इथे ते नीट, सावकाश व्हावेत, पहिल्या दिवशी सहा पुरे.

जलनेतीत, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्यात, सगळ्यात जास्त चुका होतात. विहिरीचं किंवा धरणाचं कच्चं पाणी नाकात कधीही घेऊ देऊ नका. त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर जिवावर बेततं. आदल्या रात्री पाणी खळखळून उकळा, झाकून ठेवा, सकाळी कोमट करा. माणशी अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे वीस जणांना 10 लिटरला 90 ग्रॅम. चिमटीने अंदाज घेऊ नका, काट्यावर मोजा. मीठ कमी पडलं की नाक झोंबतं. नंतर ओणवं होऊन, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके उच्छ्वास करायला लावा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं. कान दुखणाऱ्याला आणि नाक चोंदलेल्याला त्या दिवशी नेती नकोच.

जेवण आणि आसनं यांत तीन तास सोडा. दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण-भात, ताक. रात्री सातच्या आत मुगाची खिचडी (चोवीस जणांना पावणेदोन किलो तांदूळ, एक किलो डाळ). माणशी दोन म्हणजे 48 भाकऱ्या, त्यांना साडेचार किलो पीठ. एका चुलीवर दोन तास जातात, म्हणून दोन चुली आणि दोन बायका सांगा. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं हवं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते, जेवणाला उशीर होतो आणि संध्याकाळचं सत्र कोलमडतं.

नाव नोंदवतानाच रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्याचं दुखणं, गर्भारपण हे लेखी विचारा. अशांना कपालभाती आणि सर्वांगासन देऊ नका. त्यांच्या मॅट पुढच्या रांगेत, शिक्षकाच्या नजरेसमोर ठेवा.

उष्टं-खरकटं रात्री उघडं राहिलं की रानडुकरं दारात येतात. ते झाकणाच्या पिंपात ठेवा आणि सकाळी गावातल्या गुरांना द्या. प्लास्टिक आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या पोत्यांत भरून साताऱ्याला परत न्या, डोंगरात पुरू किंवा जाळू नका.