सेलेनियमवर थीसिस घेताय? आधी तांबड्या पेशीचं आयुष्य बघा

पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करताना जनावरांना सेलेनियम हे खनिज कशातून द्यावं, ‘सोडियम सेलेनाइट (असेंद्रिय क्षार) की सेलेनियम यीस्ट (सेंद्रिय रूप)’ हा विषय कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतोच. विषय चांगला आहे, घाबरू नका. सेलेनियमच्या कमतरतेनं होणारा पांढऱ्या स्नायूंचा आजार, वार अडकणं, व्हिटॅमिन ई शी असलेलं नातं, हे तुम्ही बी.व्ही.एस्सी.ला वाचलंय, मी पुन्हा सांगत बसत नाही.

डोसचं थोडक्यात सांगतो. दोन्ही गटांना सारखं द्यायचं ते सेलेनियम, पावडर नव्हे. शुद्ध सेलेनाइटमध्ये ते सुमारे ४५.६ टक्के असतं, यीस्टमध्ये बहुधा किलोला २ ते ३ ग्रॅम. दिवसाला १५ किलो शुष्क पदार्थ खाणाऱ्या गाईला किलोमागे ०.३ मिलिग्रॅम धरलं तर ४.५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे सेलेनाइट जेमतेम १० मिलिग्रॅम, किंवा २००० पीपीएमचं (किलोला २ ग्रॅमवालं) यीस्ट सव्वादोन ग्रॅम. सेलेनाइट थेट पेंडीत टाकू नका. टप्प्याटप्प्यानं प्रीमिक्स (आधी थोड्या खाद्यात केलेलं मिश्रण) करा, मास्क आणि हातमोजे घाला. ते विषारी आहे, आणि नीट मिसळलं नाही तर एकीच्या वाट्याला चौघींचा डोस जातो.

आता मी जिथे पुरता अडकलो होतो ते. दोन महिन्यांचा ट्रायल, संकरित गाई. यीस्ट गटात रक्तातलं एकूण सेलेनियम छान वर गेलेलं, पण तांबड्या पेशींतलं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज (सेलेनियमवर चालणारं एन्झाइम) दोन्ही गटांत जवळपास सारखं. मला वाटलं किट खराब आहे. किट ठीक होतं. हे एन्झाइम पेशीत भरलं जातं ते पेशी अस्थिमज्जेत तयार होताना. एकदा ती रक्तात आली की नवं बनत नाही. गाईची तांबडी पेशी चार-पाच महिने जगते. मग दोन महिन्यांत तुम्ही मोजता त्या रक्तात निम्म्याहून जास्त पेशी तुमच्या ट्रायलच्या आधीच्या असतात! त्यांना तुमचं यीस्ट माहीतच नाही.

दुसरी बाजू तितकीच फसवी. यीस्टमधलं सेलेनियम मुख्यतः सेलेनोमेथिओनिन, म्हणजे मेथिओनिन या अमिनो आम्लाचं सेलेनियमवालं रूप, असतं. शरीर त्यात आणि साध्या मेथिओनिनमध्ये फरक करत नाही, त्यामुळे ते अल्ब्युमिनमध्ये, हिमोग्लोबिनमध्ये, स्नायूंत, जिथे मेथिओनिन बसतं तिथे बसतं. म्हणून एकूण आकडा फुगतो. तो साठा आहे, काम नव्हे. एन्झाइममध्ये लागतं सेलेनोसिस्टीन हे वेगळं अमिनो आम्ल, आणि ते बनवायला सेलेनाइट असो वा यीस्ट, दोघांनाही आधी सेलेनाइड (सेलेनियमचं साधं रूप, सेलेनाइट नव्हे) व्हावं लागतं. एकूण सेलेनियमचा एक बारग्राफ टाकून ‘सेंद्रिय श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढलात, तर बाहेरचा परीक्षक व्हायव्हात सोलून काढेल. त्यामुळे सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) लिहितानाच ठरवा: ट्रायल चार-पाच महिन्यांचा करा, नाहीतर प्लाझ्मातलं एन्झाइमही मोजा, ते लवकर हलतं.

‘ब्रॉयलर घे, सहा आठवड्यांत सुटशील’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. मला शॉर्टकट आवडत नाहीत, पण इथे कबूल करतो की कोंबडीची तांबडी पेशी महिनाभरच टिकते, तेव्हा तो सल्ला अगदीच चुकीचा नाही. फक्त कोंबडीचे निकाल गाईवर चिकटवू नका. रुमेनमधले (गाईच्या पहिल्या पोटातले) जंतू सेलेनाइटचा बराचसा भाग न विरघळणाऱ्या रूपात बदलतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरात त्याचं शोषण मुळातच कमी.

लॅबमध्ये एक सवय मोडा. तांबं-जस्तासाठी आपण नमुना मफल फर्नेसमध्ये जाळतो. सेलेनियम त्या तापमानाला उडून जातं. ओलं पचन करा, म्हणजे नमुना न जाळता आम्लात विरघळवा. हायड्राइड पद्धतीनं (सेलेनियमचा वायू करून) मोजणार असाल तर गरम हायड्रोक्लोरिक आम्लानं सहा-संयुजी सेलेनियम आधी चार-संयुजी करून घ्या, नाहीतर आकडा कमीच येणार.

मूळ चाऱ्यातलं सेलेनियम सुरुवातीलाच तपासा. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडे काही जमिनींतच ते इतकं आहे की जनावरांची खुरं फाटतात, केस झडतात. आपल्याकडेही मूळ आहारातच ते पुरेसं असेल तर दोन्ही गटांत फरक दिसणार नाही, आणि त्यात दोष तुमचा नसेल.

कंपनीच्या प्रतिनिधीनं दिलेली रंगीत पुस्तिका चहाचा कप ठेवायला बरी. त्याच्याकडे सेलेनोमेथिओनिनची टक्केवारी मागा. तो एकूण सेलेनियमच सांगत राहिला तर दुसरं यीस्ट शोधा. गाईडना मात्र दर महिन्याला आकडे दाखवत जा, ते रागावले तरी. आत्ताचा राग परवडतो, शेवटच्या सेमिस्टरमधला नाही.

आणि दुधाचे नमुने घेऊन डीप फ्रीजमध्ये ठेवाच, सिनॉप्सिसमध्ये नसले तरी. चीक आणि दुधात सेलेनियम पोचवण्यात यीस्ट खरंच पुढे असतं. एन्झाइमचा तक्ता सपाट आला, तरी त्या नमुन्यांवर एक प्रकरण उभं राहतं.