पहिलं वर्णम् बसवताना

सरळी, जंटा, अलंकार हे स्वरांचे पाठ, गीतम् आणि स्वरजती या सोप्या रचना आणि मग वर्णम्, म्हणजे स्वर आणि थोडे शब्द असलेली, दोन गतींत बसवायची रचना, असा कर्नाटक संगीताच्या शिक्षणाचा साधारण क्रम. पहिलं वर्णम् बहुधा मोहनम् रागातलं 'निन्नुकोरी' असतं. रामनाड श्रीनिवास अय्यंगारांची ही रचना आदितालात आहे.

आदितालात आठ मात्रा. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी-हात उलटा, टाळी-हात उलटा. पहिल्या काळात, म्हणजे मूळ गतीत, एका मात्रेला चार स्वर, म्हणजे आठ मात्रांच्या आवर्तनात बत्तीस. दुसऱ्या काळात, म्हणजे दुपटीत, ताल तोच, स्वर चौसष्ट.

वर्णमाच्या पूर्वांगात, म्हणजे पहिल्या भागात, पल्लवी आणि अनुपल्लवी या शब्दांच्या ओळी आणि मुक्तायी स्वर हा स्वरखंड येतो. तो संपला की पुन्हा पल्लवी. उत्तरांगात, म्हणजे दुसऱ्या भागात, चरणम् ही शब्दांची ओळ आणि त्यामागून एट्टुगड स्वर, म्हणजे एकामागून एक स्वरखंड. प्रत्येक स्वरखंडानंतर चरणमवर परतायचं. पहिला खंड लांब, ठाय स्वरांचा असतो, पुढचे दाट होत जातात. चरणम् बहुधा एकाच आवर्तनाचं असल्यामुळे दुसऱ्या काळात ते अर्ध्या आवर्तनात संपतं आणि नवशिक्याचा हात तिथेच अडखळतो. दुसऱ्या काळात एक आवर्तनाचा स्वरखंड आणि चरणम् मिळून पूर्ण आवर्तन भरतं, हे आधी कागदावर मांडून घ्या.

बसवताना आधी फक्त स्वर, हातावर तालासह पाठ. मग त्याच चालीवर साहित्य, म्हणजे शब्द. हे शब्द थोडे आणि मधले 'आ'कार लांब असल्यामुळे आतले स्वर पुसट होतात. अशा ओळीचे स्वर आणि आकार आलटून पालटून गा, प्रत्येक स्वर जागेवर ऐकू येईपर्यंत.

लय ठरवताना दुसऱ्या काळापासून सुरुवात करा. जी गती स्वच्छ निघते तिची निम्मी पहिला काळ. उलटं केलं की दुपटीत गळा आवळतो किंवा ताल पळतो.

सगळ्यात जास्त वेळ गमकाला, म्हणजे स्वर झुलवण्याला, द्यावा लागतो, आणि हिंदुस्तानी शिकून आलेल्यांना तर नक्कीच. आभोगी राग दोन्ही पद्धतींत आहे. आपल्या हिंदुस्तानीत त्यातला कोमल गंधार ऐकलेला असतो. पट्टणम सुब्रह्मण्य अय्यरांच्या 'एवरि बोधन' वर्णमात तोच गंधार मध्यमाकडे झुलतो. सरळ लावला तर राग उभा राहत नाही. पहिल्या काळात त्याचे हेलकावे सावकाश घ्यायला जागा असते. दुसऱ्या काळात तेवढेच कोंबायला गेलात तर स्वर थरथरतो, अजिबात सोडलेत तर सपाट होतो. तिथे मोजका एखादाच हेलकावा पुरतो. नेमका किती, ते गुरूंकडून ओळीओळीने घ्यायचं. नोटेशनमध्ये ते सापडणार नाही, म्हणून केवळ पुस्तकावरून वर्णम् बसवू नये असं आम्ही आग्रहाने सांगतो.

आदितालाची काही वर्णम् पक्की झाल्यावर अटताल: पाच, पाच, दोन, दोन अशा चौदा मात्रा. इथलं मानाचं वर्णम् भैरवीतलं 'विरिबोणी'. पच्चिमिरियम आदिअप्पय्या हे त्याचे रचनाकार, कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामा शास्त्रींचे गुरू, 18व्या शतकातल्या मराठा राजवटीच्या तंजावरातले. ही भैरवी आपल्या हिंदुस्तानी भैरवीहून वेगळी आहे. हिंदुस्तानी नावांनी सांगायचं तर चढताना शुद्ध धैवत, उतरताना कोमल. दोन्ही धैवतांच्या ओळी सुट्या काढून घोटल्याशिवाय याचा दुसरा काळ हातात घेऊ नका.