प्रवाळांच्या टाकीतील प्रकाश : खान्देशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

समुद्रापासून दूर असलेल्या जळगाव, धुळे किंवा नंदुरबारसारख्या ठिकाणी जो घरी प्रवाळांची टाकी सांभाळतो, त्याला खारे पाणी, प्रकाश आणि गारवा हे सारे स्वतःच पुरवावे लागते. त्यांपैकी प्रकाशाबाबत चुका सर्वाधिक होतात. कारण दिव्याची तीव्रता क्षणात बदलता येते, पण प्रवाळावरील परिणाम दिसायला अनेकदा आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर आपण घाईने आणखी एक बदल केलेला असतो.

नवा एलईडी दिवा आणताच तो पूर्ण तीव्रतेवर लावणे ही पहिली चूक होय. प्रवाळाच्या ऊतींत झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने तयार केलेल्या अन्नावर प्रवाळाचे बरेचसे पोषण होते. प्रकाश झेपेनासा झाला की या शैवालात ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. म्हणून नवा दिवा सुमारे ४० टक्क्यांवर सुरू करावा आणि दर आठवड्याला ५ टक्क्यांहून अधिक वाढवू नये. दिव्याच्या भिंगावर साचलेले मीठ बरेच दिवसांनी पुसले, किंवा पाण्याचा पिवळसरपणा घालवण्यासाठी नवा सक्रिय कोळसा घातला, तरीही प्रकाश एकाएकी वाढतो. त्या दिवशी तीव्रता थोडी उतरवून ठेवावी.

दुसरी चूक डोळ्यांवर विसंबण्याची. निळा प्रकाश आपल्या डोळ्यांना मंद भासतो, पण प्रवाळातील शैवाल तोच भरपूर वापरते. त्यामुळे अंधूक वाटणारी टाकी प्रत्यक्षात प्रखर असू शकते. उजेड मोजणारा लक्स मीटरही मानवी डोळ्यानुसारच बेतलेला असल्याने येथे फसवतो. शैवालाला वापरता येणारा प्रकाश, म्हणजे ‘पार’, मोजणारा पार मीटर महाग असतो, म्हणून चार-पाच हौशी लोकांनी मिळून एक घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरते, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागते. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे : दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि आपल्या समुद्रातून काढलेले असे प्रवाळ कोणी देऊ केले तरी ते घेऊ नये.

मात्र आपल्या भागात प्रकाशाचा विचार उष्णतेपासून वेगळा करताच येत नाही. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि प्रवाळांना हवे असते सुमारे २५-२६ अंशांचे पाणी. तापलेल्या पाण्यात एरवी सहज सोसणारा प्रकाशही प्रवाळाला घातक ठरतो. तरीही अनेक घरांत दिवे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असे, म्हणजे नेमके उन्हाच्या काहिलीत चालू असतात. उन्हाळ्यात हेच आठ तास रोज अर्ध्या तासाने पुढे सरकवत संध्याकाळी पाच ते रात्री एकपर्यंत न्यावेत आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावावा. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडल्यास आपल्या कोरड्या हवेत पाणी चांगले गार होते, पण जेवढे पाणी उडते तेवढे मीठ मागे राहून क्षारता वाढते. त्यामुळे रोज आरओचे गोडे पाणी भरून पातळी राखावी लागते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा फारसा उपयोगी पडत नाही.

वीज जाण्याने होणारी चूक तर लक्षातही येत नाही. साधा यांत्रिक टायमर विजेबरोबर थांबतो. रोज तासभर वीज गेली, तर आठवड्यात दिव्याची वेळ सात तासांनी ढळते. बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्यावा. इन्व्हर्टरवर दिवा नव्हे, तर प्रवाह देणारा पंप आणि पंखा जोडावा.

प्रवाळ बिघडलेले दिसताच दिव्याला हात लावण्यापूर्वी ते नीट पाहावे. केवळ वरची, दिव्याकडची बाजू फिकट आणि सावलीतील बाजू रंगीत असेल, तर बहुधा प्रकाश जास्त आहे. सर्व बाजूंनी सारखेच फिकट पडले असेल, तर आधी तापमान पाहावे, मग नायट्रेट-फॉस्फेट ही पाण्यातील पोषकद्रव्ये शून्यावर गेली आहेत का ते तपासावे. रंग तपकिरी होऊन प्रवाळ वर ताणले जात असेल, तर प्रकाश कमी पडतो आहे. नुसता तपकिरीपणा मात्र पाण्यातील पोषकद्रव्ये वाढल्यानेही येतो.

पांढरे पडलेले प्रवाळ मेले असे समजून फेकून देणे ही सर्वांत हळहळ लावणारी चूक. सांगाड्यावर पारदर्शक ऊतींचा थर शाबूत असेल, तर ते जिवंत आहे. त्याला टाकीच्या तळाशी सावलीत ठेवावे, पाणी स्थिर तापमानावर राखावे, मंद प्रवाह द्यावा आणि आठवड्यातून दोनदा थोडे बारीक खाद्य घालावे. रंग परतायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, आणि तेवढ्या काळात दिव्यात दुसरा कोणताही बदल करू नये.