गोधडीतले फुगे कसे गेले

आईच्या सुती साड्या, मुलीचे फ्रॉक आणि खणाचे तुकडे जोडून गोधडी शिवतेय. निम्मी झालीय. सुती तुकडे छान सपाट बसले, पण जॉर्जेटच्या साडीचे चौकोन सुईखाली सरकायचे आणि भोवतीच्या कापडाला फुगे यायचे. ती साडी वगळायची नव्हती. तिचा राणी रंगच गोधडीला उठाव देतो.

उपाय रविवार पेठेत मिळाला. शिवणाचं सामान विकणाऱ्या काकांनी पातळ फ्युजिंग दिलं, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, ब्लाउजच्या गळ्याला लावतात तेच. जॉर्जेटच्या उलट्या बाजूला ते ठेवायचं, वर सुती फडकं, आणि कोमट इस्त्री घासायची नाही, नुसती दाबायची. चिकटल्यावरच 6 इंचांचे चौकोन कापले. आता कापड ताणलं जात नाही, कडेचे धागेही सुटत नाहीत.

दुसरा बदल टाक्यांचा. आमच्याकडे कडेने सुरू करून गोल गोल आत शिवत जातात. त्यात सैल कापड मध्यभागी ढकललं जातं. म्हणून आधी मधूनच बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घातले, सगळे थर एकत्र धरून. मग खुशाल कडेने धावदोरा. हाताला फरक लगेच कळतो.

लाल खणाचं मात्र जपून. ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून दाबला तर रंग उतरला. पाणी नितळ येईपर्यंत वेगळा धुतला, तेव्हाच जोडला. नवं सुती कापडही आधी भिजवावंच, नंतर आटलं की शेजारच्या जुन्या तुकड्यांना चुण्या पडतात.

कडेला इरकलीचा काठ लावायचाय. तो सध्या बादलीत भिजतोय.