रिंगर खेळताय? मग या चुका टाळा

दहा फूट व्यासाचं रिंगण, मधोमध अधिकच्या चिन्हासारख्या फुलीत मांडलेल्या १३ गोट्या, दोन गोट्यांमध्ये ३ इंच अंतर, आणि ज्याने ७ गोट्या आधी रिंगणाबाहेर काढल्या तो जिंकला. अमेरिकेच्या राष्ट्रीय गोट्या स्पर्धेत १९२२ पासून खेळला जाणारा रिंगर तो हाच. नियम पाच मिनिटांत कळतात, त्यामुळे नवखी पोरं लगेच जोर लावायला बसतात.

हा जोरच सगळ्यात महागात पडतो. गोटी बाहेर गेली आणि तुमचा शूटर, म्हणजे ज्या गोटीने मारता ती, रिंगणात राहिला, तर पुढचा नेम तुमचाच, तोही शूटर थांबला असेल तिथून. शूटरही बाहेर गेला तर गोटी मिळते, पाळी मात्र जाते. समोरची गोटी ५/८ इंचाची असते, शूटर ३/४ इंचापर्यंत चालतो. दोन्ही काचेचे असले तर असा शूटर साधारण १.७ पट जड. सरळ टोला बसला तरी तो जागेवर थांबत नाही, वेगाचा पाव हिस्सा घेऊन पुढे सरकतो. त्याला अडवायला उलटी फिरकी लागते. अंगठ्याचं नख शूटरच्या मध्याच्या किंचित खाली लागलं की ही फिरकी मिळते. नेम थोडा चुकला तरी चालेल, आधी फिरकी बसवा. सुरुवातीला एकच गोटी मधोमध ठेवून सराव करा आणि शूटर टोल्याच्या जागेपासून वीतभर अंतरात थांबेपर्यंत १३ गोट्या मांडूच नका. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट नाही. फिरकी असलेला खेळाडू फुलीजवळ ठाण मांडून एका पाळीत सातही गोट्या काढू शकतो, आणि जोरकस खेळाडूला तोवर नुसतं बघत बसावं लागतं.

म्हणूनच पहिली पाळी कोणाची हे ठरवणारा टाका, म्हणजे एका रेषेवरून समोरच्या रेषेकडे शूटर टाकणं, हलक्यात घेऊ नका. समोरच्या रेषेच्या जास्त जवळ थांबेल तो पहिला, मग अलीकडे असो वा पलीकडे.

पहिला नेम धरताना फुलीच्या तुमच्याकडच्या टोकावर सरळ मारू नका, मागच्या गोट्या वाट अडवतात. डावीकडच्या किंवा उजवीकडच्या टोकाची गोटी घ्या. तिच्या मागे मोकळं रान असतं.

लोखंडी छर्रा शूटर म्हणून चालत नाही. डाव सुरू असताना शूटर बदलता येत नाही. माती हाताने सारखी करू नका, रिंगणातून चालत जाऊ नका. शूटर हातातून निसटला तर तिथल्या तिथे सांगा: तो १० इंचांपेक्षा जास्त गेला नसेल आणि पंचाला पटलं, तर नेम पुन्हा मिळतो.

आता हाताबद्दल, कारण मराठी मुलं इथे हमखास अडकतात. डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर रोवायचा, बोटाच्या टोकाशी गोटी धरायची आणि ते बोट उजव्या हाताने मागे ताणून सोडायचं, ही आपली सवय. रिंगरमध्ये एकाच हाताने, अंगठ्याने मारायचं, आणि गोटी सुटेपर्यंत मुठीचा निदान एक सांधा जमिनीला टेकलेला हवा. हात उचलला की फाउल, मारताना पुढे ढकलला तरी फाउल. घाईत हात दोन बोटं पुढे सरकतो आणि मारणाऱ्याला पत्ताही नसतो. सहा गोट्या झालेल्या असतात, सातवी बाहेर जाते, मुलगा उठून उभा राहतो. पंच ती गोटी उचलून परत जागेवर ठेवतो आणि पाळी प्रतिस्पर्ध्याला देतो. यावर उपाय: सरावात मुठीच्या पुढे कागदाची पट्टी उभी ठेवा. पट्टी पडली तर तो नेम मोजू नका, गोटी बाहेर गेली असली तरीही. आणि नेम सुटल्यावर मनात दोन आकडे मोजून मगच हात उचला.