प्रोटीन हाती आल्यानंतरचं काम

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातून किंवा झुआरीनगरच्या बिट्समधून शिकून मुलं प्रोटीनच्या प्रकल्पावर रुजू होतात, तेव्हा बहुतेकांचा जीव क्लोनिंगमध्ये, म्हणजे हवा तो जीन वाहक डीएनएत बसवण्यात, अडकलेला असतो. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचून बघणं) जुळलं की गड सर केल्यासारखं वाटतं. पण डीएनए फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो, प्रोटीनचं तसं नाही. म्हणून नव्याने येणाऱ्याला मी आधी एवढंच विचारते: हे प्रोटीन कुठल्या प्रयोगासाठी हवंय, किती आणि कुठल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात)? ते ठरलं की कशात बनवायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

ई. कोलाय हा जिवाणू स्वस्त आणि झटपट. 1978 मध्ये मानवी इन्सुलिन त्यातच बनवलं गेलं आणि 1982 मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. मात्र जिवाणूला इन्ट्रॉन (जीनमधले, प्रोटीनची माहिती नसलेले तुकडे) कापता येत नाहीत, म्हणून जीन सीडीएनएवरून, म्हणजे इन्ट्रॉन गाळलेल्या आरएनएवरून बनवलेल्या डीएनएवरून, घ्यायचा. माणसाच्या पेशीत प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या चढतात, त्या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या ई. कोलायमध्ये चढत नाहीत. डायसल्फाइड बंधही (प्रोटीनची घडी बांधून ठेवणारे गंधकाचे जोड) त्याच्या सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात, सहसा नीट जुळत नाहीत. तुमच्या प्रोटीनचं काम या गोष्टींवर अवलंबून असेल तर खर्चाकडे न बघता एचईके293 (माणसाच्या) किंवा सीएचओ (हॅम्स्टरच्या) पेशींकडे वळा. एखाद्या किनेजचा (फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमचा) सुटा डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडी असलेला भाग, हवा असेल, तर आधी ई. कोलायच करून बघा.

इंडक्शन, म्हणजे जिवाणूला प्रोटीन बनवायला लावणं, बहुतेक ठिकाणी सारखंच: ओडी (कल्चरचा गढूळपणा) 0.6च्या आसपास आला की आयपीटीजी हे रसायन घालायचं. 37 अंशांवर प्रोटीन भरभरून बनतं, पण पुष्कळदा इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, जाऊन बसतं. तापमान 18 अंशांवर आणून रात्रभर ठेवलं तर विरघळलेलं मिळण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते-येते, तेव्हा शेकर बॅकअपवर आहे ना, हे आधी विचारून घ्या. चवथीच्या तोंडावर मोठं कल्चर लावूच नका, कारण पुढची पायरी सुट्टी संपेपर्यंत थांबणारी नसते. निकेल कॉलमवर हिस-टॅगचं (निकेलला धरणारी हिस्टिडीनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन चढवताना बफरमध्ये ईडीटीए नको, ते निकेलच ओढून काढतं. आणि जेल (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून दाखवणारी चाचणी) बघितल्याशिवाय काहीही ओतून टाकू नका, गाळ नाही की फ्लो-थ्रू, म्हणजे कॉलमला न चिकटता वाहून गेलेला भाग, तोही नाही.

विकत आणलेल्या प्रोटीनबाबत तर जास्तच जपावं लागतं. जुलैतल्या दमट हवेत उणे 20मधून काढलेल्या वायलवर (छोट्या बाटलीवर) बघता बघता पाण्याचे थेंब जमतात. तशीच उघडली तर आतल्या कोरड्या प्रोटीनवरही ओल बसते. बंद वायल डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या डब्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग सेंट्रीफ्यूजमध्ये थोडं फिरवा, कारण काही मायक्रोग्रॅम प्रोटीन म्हणजे झाकणाला किंवा काचेला चिकटलेला पातळ पापुद्रा असतो, बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही. डेटाशीटवर सांगितलेलं द्रावण कडेने हळूच सोडा, काही मिनिटं तसंच राहू द्या. व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) करू नका. फेस झाला की हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रोटीनची घडी उलगडते. फार विरळ द्रावणातलं प्रोटीन ट्यूबच्या प्लॅस्टिकलाच चिकटून बसतं, म्हणून 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालतात. पण पुढे मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजणं) करायची असेल किंवा त्या प्रोटीनला लेबल लावायचं असेल तर बीएसए घालू नका. एका वापरापुरते छोटे भाग करून उणे 80ला ठेवा आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ई. कोलायमधलं प्रोटीन तुम्ही मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) टाकलं आणि पेशी खवळल्या, तर ते श्रेय प्रोटीनचंच असेल असं नाही. जिवाणूच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन टीएलआर4 या पेशींवरच्या ग्राहीमार्फत नेमकं हेच करतं. थोडं प्रोटीन उकळून तोच प्रयोग करा. बहुतेक प्रोटीन उकळल्यावर निकामी होतात, एन्डोटॉक्सिन टिकतं. उकळलेल्या नमुन्यालाही तसाच प्रतिसाद आला, तर आधी एन्डोटॉक्सिन मोजा, तेही नमुना शुद्ध केल्यावर, आणि मगच निष्कर्षाकडे वळा. हे नियंत्रण नसलेला निकाल मी तरी मान्य करत नाही.

जागांसाठी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, विद्यापीठाच्या आणि बिट्सच्या प्रकल्प-भरतीच्या जाहिराती नियमित बघत जा. मुलाखतीला जाताना स्वतः चालवलेल्या जेलचे फोटो सोबत घ्या. मार्कर (आकार माहीत असलेली, तुलनेसाठीची प्रोटीन) कुठला, प्रोटीन किती किलोडाल्टनला दिसायला हवं होतं, प्रत्यक्षात कुठे दिसलं आणि खालची ती फिकट पट्टी कशाची, हे लेननिहाय सांगता आलं पाहिजे. समोरचे बहुतेक त्या फिकट पट्टीबद्दलच विचारतात.